एक दिवस ओसाकात : किल्ला आणि छताखालचे बाजार

आडवाट

जपानच्या आठ-दहा दिवसांच्या सहलीत ओसाकाच्या वाट्याला बहुतेकदा एकच दिवस येतो. तोही किल्ल्यासमोर फोटो, दोतोनबोरी कालव्याच्या पुलावर फोटो आणि मधल्या वेळात एखादा मॉल असा निघून जातो. मला हे मनापासून खटकतं. क्योतोला देवळं बघायची, तर ओसाकाला बाजार बघायचा. एदो काळात (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) ठिकठिकाणच्या सरदारांचा महसुली तांदूळ जहाजांनी इथे यायचा, नाकानोशिमा बेटाच्या आसपासच्या वखारींत साठायचा आणि दोजिमाच्या बाजारात त्याचे सौदे व्हायचे. १७३० साली शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, सरकारने तिथल्या वायद्यांना मान्यता दिली. जगातल्या सर्वांत जुन्या संघटित वायदेबाजारांत त्याची गणना होते. तिथला भाव एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर निशाणं हलवून लांबच्या गावांना कळवला जाई. असं शहर बाजारातून पायी फिरल्याशिवाय कळत नाही, म्हणून माझ्या पसंतीचा मार्ग इथे सविस्तर लिहिते.

सकाळी नऊच्या सुमारास तानिमाची योन्चोमे स्टेशनवर उतरा आणि किल्ल्याकडे चालू लागा. आतला मनोरा नऊला उघडतो. १९३१ साली शहरवासीयांच्या वर्गणीतून बांधलेली ती काँक्रीटची इमारत आहे. आत संग्रहालय आणि लिफ्टही आहे. तिकीट एप्रिल २०२५पासून १२०० येन झालं. वेळ कमी असेल तर मनोरा सोडला तरी चालेल, पण तटबंदी आणि खंदक सोडू नका. बाहेरचं सगळं आवार फुकट आहे. साकुरामोन दरवाजातून आत शिरलं की समोरच ताकोइशी नावाचा एक प्रचंड दगड येतो. त्याची दर्शनी बाजू सुमारे ५९ चौरस मीटर, वजनाचा अंदाज १०८ टन. सेतो समुद्रातून जहाजावर घालून असे दगड आणले, आणि तेही १६२०च्या दशकात.

किल्ल्याहून तानिमाची लाइननेच थेट तेन्जिनबाशीसुजी रोकुचोमेला जायचं. गाडी बदलावी लागत नाही. स्टेशनच्याच इमारतीत आठव्या मजल्यावर घरांचं आणि राहणीमानाचं संग्रहालय आहे. १८३०च्या दशकातली ओसाकाची एक अख्खी गल्ली तिथे खऱ्या आकारात उभी केली आहे : औषधाचं दुकान, कापडाचं दुकान, सार्वजनिक न्हाणीघर, मागच्या चाळीतली भाडेकरूंची खोली. छतावरचा उजेड बदलत जातो आणि थोड्या वेळात पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस डोळ्यांसमोर सरकतो. मंगळवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा.

खाली उतरलात की तेन्जिनबाशीसुजीचा बाजार. छत घातलेल्या अशा बाजाररस्त्याला जपानीत शोतेंगाई म्हणतात. हा त्यातला सर्वांत लांब, सुमारे २.६ किलोमीटर, सहाशेच्या आसपास दुकानं. दक्षिणेकडे चालत राहा. इथे पर्यटकांसाठी काही मांडलेलं नाही, म्हणूनच मला हा बाजार सर्वांत आवडतो. म्हाताऱ्या बायका सायकलीच्या टोपलीत कांद्याची पात घालून निघालेल्या असतात, चहाच्या दुकानात पानं भाजल्याचा वास सुटलेला असतो, जुन्या पुस्तकांच्या दुकानासमोर कोणी तासभर उभं असतं. चपला, चष्मे, लोणची, छत्र्या, दातांचा दवाखाना, सगळं एका छताखाली. दक्षिणेच्या टोकाशी ओसाका तेन्मान्गू हे विद्येच्या देवाचं, सुगावारा नो मिचिझानेचं देऊळ आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलं इथे लाकडी पाट्यांवर नवस लिहून टांगतात. २४-२५ जुलैला इथलाच तेन्जिन मात्सुरी, नदीतून नावांची मिरवणूक निघते.

तिथल्या जवळच्या मिनामीमोरिमाची स्टेशनवरून साकाइसुजी लाइनने निप्पोनबाशी. दुपारी अडीच-तीनपर्यंत इथे पोचायलाच हवं, कारण कुरोमोन बाजार संध्याकाळी लवकर आवरतो आणि भांड्यांचा दोगुयासुजी बाजारही सहाच्या सुमारास. ओसाकाच्या दिवसाची आखणी करताना हीच खरी मेख आहे : दिव्यांची दोतोनबोरी रात्रीपर्यंत कुठे जात नाही, बाजार मात्र मिटतात.

कुरोमोन मासळी, फळं आणि लोणच्यांचा. दोगुयासुजी हॉटेलवाल्यांचा : लोखंडी तवे, नूडल्सचे वाडगे, दुकानाच्या दारावर टांगायचे कापडी पडदे, कागदी कंदील, आणि काचेच्या कपाटात मांडायचे प्लास्टिकचे खाद्यपदार्थ. तिथून होझेनजीच्या दगडी गल्लीत शिरा. शेवाळाने हिरवीगार झालेली फुदो म्योओ या बौद्ध देवतेची मूर्ती तिथे आहे. लोक तिच्यावर पळीने पाणी घालतात आणि हात जोडतात. मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात देऊळ जळालं, मूर्ती राहिली. मग अंधार पडता पडता दोतोनबोरी, आणि पूल ओलांडून शिनसाइबाशीसुजीचा छताखालचा रस्ता, कपडे आणि औषधांच्या दुकानांचा.

प्रश्न असतील तर विचारा. तिथे राहणाऱ्या मंडळींनी भर घालावी.

तटबंदी

उत्तम धागा. किल्ल्याबद्दल थोडं. आज जमिनीवर दिसणारी एकही भिंत सोळाव्या शतकातला सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याची नाही. त्याने १५८३ साली बांधायला घेतलेला किल्ला १६१५च्या उन्हाळी वेढ्यात पडला आणि घराणं संपलं. वेढा घालणाऱ्या तोकुगावा घराण्याने ते अवशेष मातीखाली गाडून त्यावर स्वतःचा किल्ला उभा केला, दगड पुरवायचं काम सरदारांवर टाकलं. कोणत्या सरदाराने कोणता दगड आणला हे कळावं म्हणून खुणा कोरलेल्या आहेत, भिंतीजवळून चाललात तर दिसतात. तोकुगावांचा मनोराही १६६५ साली वीज पडून जळाला. त्यानंतर १९३१पर्यंत तिथे मनोराच नव्हता.

एप्रिल २०२५पासून जमिनीखालची हिदेयोशीच्या काळची भिंत बघण्यासाठी वेगळं दालन उघडलं आहे, मनोऱ्याच्या तिकिटातच ते येतं. वरची आणि खालची भिंत एकाच दिवशी बघा. खालचे दगड ओबडधोबड, जसे मिळाले तसे रचलेले. वरचे तासून सांधे जुळवलेले. मध्ये चाळीसएक वर्षांचंच अंतर आहे, पण कारागिरी किती पुढे गेली ते हाताला लागतं. किल्ल्यांची आवड असलेल्याने १२०० येन फक्त त्यासाठी खर्च करावेत.

चिंचगूळ

आम्ही पक्के शाकाहारी, अंडंही नाही. बरोबर सासूबाई आणि सासरे आहेत. कुरोमोन, दोतोनबोरी म्हणजे सगळीकडे मासेच ना? दिवसभर काय खायचं?

कोबेवासी

चिंचगूळ, प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर स्पष्टच देतो. ताकोयाकीत (आप्प्यांसारखे गोळे) ऑक्टोपस असतो हे माहीत असतं, पण त्याच्या पिठातही दाशी असते, म्हणजे बहुतेकदा कात्सुओ माशाचं सार. ओकोनोमियाकी या जाड धिरड्याचं तेच, वर सुक्या माशाचा कीस आणि आत अंडं. कित्सुने उदोन हा ओसाकाचाच पदार्थ, वर गोडसर तळलेला तोफू, दिसायला शाकाहारी, पण रस्सा माशाचा. 'मांस नको' एवढं सांगून चालत नाही, 'कात्सुओ दाशी नको' असं वेगळं सांगावं लागतं. फोनवर जपानीत लिहून ठेवा : मांस, मासे, अंडं, माशाची दाशी चालत नाही.

चालणारं काय? भाजलेलं रताळं, मीठ घातलेल्या एदामामे शेंगा, वाराबीमोची ही जेलीसारखी मऊ मिठाई, तांदळाच्या पिठाचे दांगो हे गोळे (सॉस सोयाचा असेल तर दाशी विचारा, लाल बीनच्या सारणाचे बरे), फळं. ओसाकाची ओकोशी जरूर घ्या : फुलवलेल्या तांदळाची पाकातली कडक वडी, काहींत तीळ आणि आलं. दुपारच्या जेवणासाठी मात्र भारतीय हॉटेल आधीच हेरून ठेवा. होन्माची-शिनसाइबाशी भागात बरीच आहेत. वयस्कर माणसं बरोबर असताना 'बघू वाटेत' असं करू नका.

सुगरण७

शाकाहारींसाठी अजून एक, आणि हे पोटभरीचं नाही, बॅगेत घालून आणायचं : कोम्बू. होक्काइदोहून जहाजांनी येणारं हे समुद्री शेवाळ ओसाकाला उतरायचं, म्हणून ओसाकाच्या स्वयंपाकाचा पाया कोम्बूचा आहे. इथे माकोम्बू जातीला मान. तेन्जिनबाशीसुजी आणि कुरोमोन दोन्हीकडे नुसत्या कोम्बूची दुकानं सापडतात. दुकानदार तुकडा चाखायला देतात. पट्टी रात्रभर थंड पाण्यात भिजवायची, सकाळी मंद आचेवर गरम करायची आणि उकळी फुटण्याआधी काढून टाकायची. उकळलं तर चिकट होतं आणि कडवट वास येतो. त्या पाण्यात तोफू, मुळा, मशरूम, काहीही शिजवा. वजनाला हलकं, वर्षभर टिकतं. चॉकलेटांचे डबे भरून आणण्यापेक्षा मला ही खरेदी कितीतरी मोलाची वाटते.

दोगुयासुजीत ताकोयाकीचे ओतीव लोखंडी तवे मिळतात, आप्पेपात्रासारखेच. गॅसवर चालणारे घ्या. विजेवरचे सुंदर दिसतात, पण जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. ट्रान्सफॉर्मरशिवाय ते घरी लावताच येणार नाहीत. राइस कुकरलाही हेच लागू, खास परदेशासाठीचं मॉडेल असेल तरच घ्या.

नेरुळकर

सुरी घ्यायची आहे. साकाइच्या सुऱ्यांबद्दल बरंच ऐकलंय. कोणती घ्यावी? विमानात नेता येते का?

आडवाट

नेरुळकर, साकाइ ओसाकाच्या दक्षिणेला लागूनच आहे. तिथे एक सुरी एकच माणूस बनवत नाही. घडवणारा लोहार वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. जपानमधल्या अनेक व्यावसायिक आचाऱ्यांच्या हातात तिथलीच सुरी असते. दोगुयासुजीतल्या चांगल्या दुकानांत साकाइचा माल मिळतो, त्यासाठी वेगळा प्रवास करायची गरज नाही. वेळ असेल तर मात्र एबिसुचो किंवा तेन्नोजीहून निघणाऱ्या हांकाइ ट्रामने जा. शहरात उरलेली ती एकमेव ट्राम, घरांच्या अंगणांना घासत जाते.

निवडताना आपला स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. यानागिबा ही लांब, एकाच बाजूने धार असलेली सुरी कच्च्या माशाच्या कापांसाठी. आपल्याकडे ती कपाटातच राहते, शिवाय डावखुऱ्यांना ती वेगळी घ्यावी लागते. भाज्यांना नाकिरी, सगळ्याला मिळून एकच हवी असेल तर सान्तोकु. पोलाद दोन तऱ्हेचं : कार्बनचं आणि न गंजणारं. कार्बनच्या पोलादाला धार अप्रतिम येते, पण लिंबू, टोमॅटो, कैरी चिरून तशीच ठेवली की डाग पडतो. दर वेळी लगेच पुसायची सवय असेल तरच ती घ्या. बरीच दुकानं पात्यावर नाव कोरून देतात. दगडावर धार कशी लावायची हेही दाखवून घ्या, दुकानदार मनापासून शिकवतात.

विमानात फक्त चेक-इन बॅगेत. आणि दुकानाने बांधून दिलेलं खोकं शहरात अजिबात उघडू नका. सहा सेंटीमीटरहून लांब पात्याची सुरी योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं तिथे गुन्हा आहे. खरेदी झाली की बंद खोक्यासह हॉटेलवर.

निशिगंध

कर माफ होतो तो कसा? पासपोर्टची झेरॉक्स चालते का?

कोबेवासी

झेरॉक्स चालत नाही, मूळ पासपोर्टच लागतो. सध्याची पद्धत अशी : एकाच दुकानात एकाच दिवशी कराव्यतिरिक्त किमान ५,००० येनची खरेदी झाली की तिथेच कर वजा होतो. वस्तूंवर कर १० टक्के, खाण्याच्या मालावर ८. १ नोव्हेंबर २०२६पासून हे बदलतं आहे. दुकानात करासह पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना विमानतळावर कस्टमची नोंद झाल्यावर परतावा मिळणार. त्यानंतर जाणाऱ्यांनी विमानतळावर वेळ राखून ठेवा, आणि माल बॅगेत खोल पुरू नका.

शोतेंगाईतल्या छोट्या दुकानांत ही सोय बहुधा नसते, काही ठिकाणी कार्डही नसतं. रोख आणि सुटी नाणी जवळ असू द्या. मेट्रोसाठी इकोका हे पैसे भरून वापरायचं कार्ड पुरतं. दिवसभराचं एंजॉय इको कार्ड आठवड्याच्या दिवशी ८२० आणि शनिवार-रविवारी ६२० येन. आडवाट यांच्या मार्गावर मेट्रोत मोजक्याच वेळा बसायचं आहे, त्यामुळे कामाच्या दिवशी ते घेण्यात अर्थ नाही.

सरकत्या जिन्यावर ओसाकात उजवीकडे उभं राहतात, तोक्योत डावीकडे. कचऱ्याच्या पेट्या रस्त्यावर जवळपास नसतातच. खाल्लेल्याची काडी, वाटी त्याच दुकानात परत द्या. कुरोमोनमध्ये चालता चालता खाऊ नका, विकत घ्याल त्या दुकानापुढेच उभं राहून संपवा. आणि किंमत पाटीवर लिहिलेली असते, ती वाचून मगच बोट दाखवा.

तटबंदी

दोतोनबोरीचा आणि किल्ल्याचा धागा इथेच जुळतो. यासुइ दोतोन या माणसाने १६१२ साली स्वतःच्या पैशाने हा कालवा खणायला घेतला. १६१५च्या त्याच वेढ्यात तो हिदेयोशीच्या मुलाच्या बाजूने लढताना मारला गेला. नातेवाइकांनी काम पुरं केलं, आणि नवीन सत्तेने नेमलेल्या सरदाराने कालव्याला त्याचंच नाव दिलं. शत्रूच्या बाजूने मेलेल्या माणसाचं! पुलावर उभं राहून धावपटूच्या पाटीचा फोटो काढताना (पहिली पाटी १९३५ची, आत्ताची एलईडीची २०१४ची) खालच्या पाण्याकडेही एकदा बघा.

काठावर पुढे नाटकगृहं आली. ताकेमोतो गिदायू या गायकाने १६८४ साली इथेच कठपुतळ्यांचं नाटकगृह काढलं. तो बुनराकू आजही जिवंत आहे : एका बाहुलीला तीन माणसं, बाजूला शामिसेन हे तंतुवाद्य आणि सगळ्या पात्रांचे आवाज काढणारा एकच निवेदक. राष्ट्रीय बुनराकू नाटकगृह निप्पोनबाशी स्टेशनजवळच आहे, तुमच्या वाटेवरच. प्रयोगांचा हंगाम असेल तर एकाच अंकाचं तिकीट मिळतं का बघा, इंग्रजी इअरफोनही मिळतो. खरेदीचे दोन तास कमी झाले तरी हरकत नाही.

चिंचगूळ

कोबेवासी, सुगरणताई, खूप आभार. सासरे विचारतायत की कोयासानला बाबासाहेबांचा पुतळा आहे तो ओसाकाच्या एका दिवसात बसेल का?

कोबेवासी

त्याच दिवशी नाही बसणार, ओढाताण करू नका. कोयासान विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे, सप्टेंबर २०१५मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. वाकायामा प्रांत आणि महाराष्ट्र यांच्यातल्या करारानंतरची ही गोष्ट. नांबाहून नांकाइ रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कारने वर, मग बस. एका बाजूने दोन तास धरा. तो दिवस वेगळा ठेवा. तिथल्या मठांत शोजिन र्‍योरी हे भिक्षूंचं शाकाहारी जेवण मिळतं, ते मांस-मासे-अंड्याविना असतं. तुमच्या घरच्या सगळ्यांना संपूर्ण सहलीत सर्वांत निर्धास्त जेवण तिथेच मिळेल.

निशिगंध

आमचा ओसाकाचा दिवस २२ तारखेला येतोय. त्या दिवशी जुन्या वस्तूंचा बाजार असतो असं वाचलं. तेन्जिनबाशीसुजी सोडून तिकडे जावं का?

आडवाट

निशिगंध, २२ असेल तर हो, नक्की जा. दर महिन्याच्या २१ आणि २२ला शितेन्नोजीच्या आवारात बाजार भरतो. हे देऊळ ५९३ साली राजपुत्र शोतोकुने स्थापलं. इमारती पुन्हा पुन्हा जळल्या, नव्याने बांधल्या, पण दरवाजा, पॅगोडा, मुख्य मंडप आणि प्रवचनमंडप एका सरळ रेषेत, ही मूळची मांडणी टिकवली आहे. त्या आवारात जुने किमोनो, चिनी मातीच्या बश्या, लाखेच्या वाट्या, जुनी हत्यारं, बाहुल्या अंथरून बसतात. किमोनो आणि ओबीच्या (किमोनोवरच्या कमरपट्ट्यांच्या) ढिगाऱ्यात वेळ घालवा, उशीचे अभ्रे करायला अस्सल रेशीम तिथे स्वस्तात मिळतं.

किल्ल्याच्याच तानिमाची लाइनवर, फक्त उलट दिशेला, शितेन्नोजीमाए युहिगाओका. बाजार सकाळी भरात असतो, म्हणून त्या दिवशी क्रम बदला : आधी शितेन्नोजी, मग किल्ल्याची फक्त तटबंदी, आणि तीनच्या आत निप्पोनबाशी.